यंत्राला अर्थ नाही

शहाण्या माणसानं वर्तमानपत्रात सदर लिहायचा मोह धरू नये. मी धरला. आता भोगा म्हणावं.

मी शाहूपुरीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. २००४ साली एका छोट्या दैनिकाचे संपादक घरी येऊन बसले आणि हो म्हणेपर्यंत उठेचनात. दर रविवारी 'विचारा की' नावाचं सदर काढू, लोक विज्ञानाचे प्रश्न पाठवतील, मॅडम, तुम्ही उत्तरं द्यायची. मला वाटलं, आकाश निळं का, दूध उतू का जातं, असलं काहीतरी येईल. कसलं काय! पहिल्या महिन्यात सत्तावीस पत्रं आली आणि त्यातली एकवीस फुकटच्या विजेची.

ते लोडशेडिंगचे दिवस होते. खेड्यात बारा-बारा तास लाईट नसायची. घरात अंधार झाला की माणसाच्या डोक्यात प्रकाश पडतो, दुसरं काय! एकानं मोटरीवर जनरेटर फिरवला होता आणि त्याच जनरेटरवर ती मोटर. गडहिंग्लजच्या एका गुरुजींनी सायकलच्या चाकाला लोहचुंबक बांधले होते. एकदा ढकललं की चाक थांबतच नाही म्हणे. मी कळवलं, बघायला येते. उत्तर आलं, सध्या थांबलंय. ऊर्जा शून्यातून निर्माण होत नाही हे या लोकांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी वर्षभर ओतत होते.

२००५ च्या पावसाळ्यात, बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाच्या आधी, कोडोलीहून हंबीररावांचं पत्र आलं. चौदा फुलस्केप पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली. गृहस्थांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. जळालेल्या मोटरी भरून द्यायचा तीस वर्षांचा धंदा. पहिल्या तीन पानांत त्यांनी एक हकीकत लिहिली होती. १९९७ च्या मे महिन्यात, वळवाच्या दिवशी, दुपारी चार वाजता ते आणि त्यांची बायको शालूबाई सोप्यात, घराच्या पुढच्या खोलीत, बसले होते. वीज कडाडली आणि खिडकीतून नारळाएवढा एक शेंदरी गोळा आत आला. गुडघ्याएवढ्या उंचीवरून, सावकाश, दोघांच्या मधून गेला. पाट्या-वरवंट्यावरून वळला आणि कोपऱ्यातल्या पितळी घागरीपाशी सुतळी बॉम्बसारखा फुटला. घागरीवर काळा डाग पडला, तो अजून निघालेला नाही.

हंबीररावांनी हे गावाला सांगितलं. गावानं काय केलं असेल? नाव ठेवलं. त्या दिवसापासून हंबीरराव 'गोळेवाले' झाले. लोक लग्नपत्रिकेच्या पाकिटावरसुद्धा 'श्री. हंबीरराव गोळेवाले' असं लिहायला लागले. पोस्टमन बरोबर आणून द्यायचा.

पुढची अकरा पानं यंत्राची. शाहूपुरीतल्या सायबर कॅफेत येऊन त्यांनी इंग्रजी कागद छापून नेले होते आणि कुणाकडून तरी अर्थ लावून घेतला होता. गोळा पोकळीतली ऊर्जा ओढून घेतो, म्हणून तारेविना जळतो. मग तांब्याच्या तारेचं तसं वेटोळं केलं, दोन अॅल्युमिनियमची भगुली समोरासमोर ठेवली, तर यंत्रसुद्धा ती ऊर्जा ओढणार. वीज मिळणार आणि त्यातूनच एक दिवस गोळा पुन्हा निघणार, सगळ्या गावादेखत. 'फक्त यंत्र अजून चालू झालेले नाही,' असं नवव्या पानावर होतं. तिथं माझं डोकं फिरलं. उरलेली पानं मी नुसती चाळली. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'मला सर्टिफिकेट नको. हंबीरराव खोटे बोलला नाही, एवढेच छापून द्या.'

ती ओळ मी वाचली होती. वाचून सोडून दिली होती, हे आता कबूल करते. कार्ड घेतलं आणि लिहिलं, 'आपल्या यंत्राला काही अर्थ नाही. कृपया वेळ वाया घालवू नये.' गोळ्याबद्दल एक अक्षर नाही.

आठ दिवसांनी उत्तर आलं.

'म्याडम यांस नमस्कार. आपल्या सूचनेप्रमाणे यंत्राला अर्थ दिला. गोठ्यात सहा फुटी सळई ठोकली. यंत्र लगेच सुरू झाले. ही गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती. आपले उपकार विसरणार नाही. येऊन बघून जाणे.'

मी ते कार्ड दोनदा वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. माझा अर्थ मराठीतला. त्यांचा अर्थ वायरमनचा, अर्थिंगचा, जमिनीत सळई ठोकून तार जोडतात तो. तीस वर्षं ज्या माणसानं 'मोटरीला अर्थ हाय का?' एवढंच विचारलं, त्याला दुसरं काय कळणार? स्टाफरूममध्ये कार्ड फिरलं. हसून हसून लोकांना ठसका लागला. मीही हसले. पुढच्या रविवारी संपादकांचा फोन आला तेव्हा मात्र हसू पळालं.

"मॅडम, तुम्ही कोडोलीत यंत्र चालू केलंय आणि आम्हाला पत्ता नाही?"

"मी? मी कशाला चालू करू?"

"तिथं फ्लेक्स लागलाय तुमच्या नावाचा!"

मी त्याच रविवारी वडापच्या, सीटा भरल्या की सुटणाऱ्या, जीपमध्ये बसून कोडोलीला गेले. स्टँडवरच फ्लेक्स दिसला. 'पोकळीतील वीज! संशोधक : हंबीरराव. मार्गदर्शक : प्रा. संघप्रिया मॅडम, कोल्हापूर.'  वीस वर्षं इमानानं शिकवून हे फळ!

हंबीररावांचं घर दुकानाच्या मागंच. अंगणात पंधरा-वीस माणसं जमली होती. दिव्याला किती व्होल्ट लागतात हे एकानंही विचारलं नाही, माझं आडनाव मात्र तिघांनी विचारलं. कांबळे म्हटल्यावर तिघंही घटकाभर गप्प झाले. त्याची मला सवय आहे.

हंबीरराव पन्नाशीचे, अंगानं सडसडीत, बोटं वार्निशनं पिवळी पडलेली. वाकून नमस्कार करायला लागले.

"म्याडम, तुमच्या एका वाक्यानं काम झालं बघा!"

"हंबीरराव, त्या वाक्याचा अर्थ—"

"दिला की! सहा फूट दिला!"

 शालूबाई चहा घेऊन आल्या. ठसठशीत कुंकू, डोक्यावर पदर, चेहरा थकलेला. त्यांनी माझ्या हातात कप दिला, तसलाच दुसरा स्वतः घेतला आणि शेजारी टेकल्या.

"ताई, तुमी डाक्टर हाय न्हवं?"

"नाही हो, प्रोफेसर."

"त्येच की. आमची म्हस पाणी पीना झालीया. हौदाजवळ जाती, तोंड लावती आणि झटका बसल्यागत मागं सरती. जनावराचा डाक्टर बघून गेला. म्हणला, हिला काय बी झालं न्हाय. दूध आटत चाललंय."

"अगं, म्याडम कशासाठी आल्यात आणि तू काय सांगतीयास?" हंबीरराव खेकसले. मीही त्यांच्याच सुरात म्हणाले, "वहिनी, म्हशीचं नंतर बघू." बघा म्हणजे, शिकलेली बाई मी.

यंत्र गोठ्यात होतं, कारण शालूबाईंनी घरात ठेवू दिलं नव्हतं. समोरासमोर दोन भगुली, मध्ये तांब्याच्या तारेचं मोठं वेटोळं. एक तार ओल्या जमिनीत ठोकलेल्या सळईला, दुसरी हौदाच्या नळाच्या पाइपला. आणि मध्ये चायना टॉर्चमधून काढलेले चार पांढरे एलईडी. लागलेले. अगदी स्वच्छ लागलेले.

मी चप्पल काढून चिखलात उतरले नाही एवढंच, बाकी सगळं केलं. भगुली उचलून बघितली. वेटोळं सोडवून घेतलं. कौलात बघितलं, भिंतीत बघितलं, शेणाखाली बघितलं. चोरून ओढलेली तार कुठं नव्हती. माणूस सच्चा होता, त्याचाच मला जास्त राग आला. हंबीररावांच्याच दुकानातला मीटर सळई आणि पाइपमध्ये लावला तर बावीस व्होल्ट! दिवा लागत नसता तर मी पाच मिनिटांत दोन शब्द सुनावून परतीची जीप धरली असती. आता काय सुनावू?

"दिवसभर चालतं का हे?" मी विचारलं.

"लाईट हाय तवर चालतंय. लोडशेडिंग झालं की हेबी थांबतंय."

"फुकटची वीज, आणि लोडशेडिंगला बंद?"

"म्याडम, तारांत वीज नसली की हवेतला भार उतरतोय. मग यंत्रानं ओढायचं काय? ते कागदात हाय सगळं."

"तुमच्या कागदांना आग लावा! इतकी वर्षं मोटरी भरता आणि हे बोलता?"

हंबीररावांचा चेहरा ताठ झाला. "बरं. मग तुमी सांगा. त्यो गोळा कशाचा असतोय?"

"नक्की माहीत नाही."

"न्हाय म्हाईत?"

"नाही. कुणी म्हणतं तापलेल्या वायूचा. कुणी म्हणतं वीज जमिनीत शिरते, मातीची वाफ होते आणि ती हवेत जळत राहते. कुणी म्हणतं लहरी अडकून पडतात. काहीजण म्हणतात, वीज बघून डोळे दिपतात, त्याचा भास."

"भासानं घागर काळी हुती व्हय?" हंबीरराव ओरडले. "तुमालाबी म्हाईत न्हाय, तुमच्या सायबांनाबी न्हाय. आणि खुळा कोण? हंबीरराव! आठ वर्षं झाली म्याडम. भरलेली मोटर न्यायला आलेलं गिऱ्हाईक इचारतंय, गोळा घालून दिलाय काय आत? म्हणून हे यंत्र मांडलंय. मला वीज इकायची न्हाय. मी खोटं बोललो न्हाय, एवढं कुणीतरी म्हणा की!"

अंगणातले दोघं-तिघं हसले. शालूबाईंनी चहाचे कप गोळा केले आणि कुणाकडं न बघता म्हणाल्या, "लाईट गेली की म्हस पाणी पिती."

"झालं! परत म्हस!" हंबीररावांनी हात आपटले. लोक मोठ्यानं हसले.

मी हसले नाही. माझे वडील लाईनमन होते. आयुष्यभर खांबावर चढलेला माणूस. असली एक गोष्ट त्यांनी मला लहानपणी सांगितली होती, त्यात मात्र गाय होती.

"वहिनी, परत सांगा."

"लाईट गेली की पिती गपगुमान. लाईट आली की न्हाय पीत. बेंदरापासनं असंच चाललंय. मी सांगतो सगळ्यास्नी, पर ऐकतंय कोण?"

"शेजारी कोण राहतं?"

"बाळासो. पोल्ट्री हाय त्येंची."

गोठ्याच्या भिंतीपलीकडं पत्र्याची लांब शेड होती. आत पिल्लांना ऊब मिळावी म्हणून मोठे मोठे बल्ब दिवसाढवळ्या जळत होते. मी भिंतीवरून डोकावले. बनियनवर बसलेले बाळासो दचकून उठले.

"बाळासो, तुमच्या लाईटीची एक तार जमिनीत घातलीय का?"

"कोण म्हणतंय?"

"मी म्हणते. खोटं बोलू नका."

बाळासोंनी डोकं खाजवलं. "बेंदराच्या वाऱ्यात न्यूट्रल, परतीची तार, तुटली की. वायरमन आज येतो, उद्या येतो म्हणतोय. मग म्हटलं, सळई ठोकून अर्थावर चालवावं तवर. पिल्लं मरत्यात न्हाईतर."

सळई कुठं ठोकली होती? गोठ्याच्या भिंतीला लागून! तिच्यातून पोल्ट्रीची सगळी वीज ओल्या जमिनीत उतरत होती आणि बिचारी म्हैस त्या जमिनीवर चार पायांनी उभी. हौदाचं पाणी मात्र पाइपवाटे लांबच्या जमिनीला जोडलेलं. पाण्याला तोंड लावलं की ओठाला झटका. आणि हंबीररावांचे एलईडीसुद्धा त्याच जमिनीच्या आणि पाइपच्या मध्ये बांधलेले. यंत्राची वेटोळी, भगुली, पोकळी, सगळं शोभेचं. म्हशीला कळलं होतं, शालूबाईंना कळलं होतं. प्रोफेसर आणि संशोधक तेवढे राहिले होते.

"लाईट बंद करा," मी म्हणाले.

"पिल्लं गारठत्याल की!"

"पाच मिनिटांत नाही गारठत. बंद करा म्हणते ना!"

खटका पडला. चारही एलईडी विझले. म्हैस दोन पावलं पुढं आली, पाणी हुंगलं आणि तोंड बुडवून घटाघटा प्यायला लागली. कितीतरी वेळ नुसता तिच्या पिण्याचा आवाज येत होता.

मग कुणीतरी म्हणालं, "आयला, गोळेवाल्यांचं यंत्र बाळासोच्या कोंबड्यांवर चालतंय व्हय!" आणि अंगण हास्यानं फुटलं. "गोळा फुटला रं!" असं एकजण नाचून सांगायला लागला. मी बाळासोंना भरपूर झापलं. ओल्या अंगणात अनवाणी पोर नळाला हात लावील आणि जाईल जिवानिशी, आजच्या आज ती तार काढा. मग वळून हंबीररावांना म्हणाले, "आणि त्या फ्लेक्सवरचं माझं नाव उतरवा."

ते जमिनीवर उकिडवे बसले होते. हातात विझलेले एलईडी.

"उतरवतो," ते म्हणाले. "यंत्र खोटं. मान्य. मोटरी भरणाऱ्याला हे कळाय पायजे हुतं. पर म्याडम, गोळा? आता तर त्योबी खोटाच ठरला की."

 मी यंत्र मोडायला आले होते. यंत्राबरोबर माणूस मोडला होता.

"मी कसं लिहून देऊ, हंबीरराव? मी बघितला नाही. तुमच्याशिवाय कुणी बघितला असता तर—"

"हिनं बघितला!" त्यांनी शालूबाईंकडं बोट दाखवलं. "मधनं गेला आमच्या. पर आठ वर्षं झाली, कुणीबी इचारलं की म्हणती, मी सैपाकघरात हुतो, मला काय म्हाईत न्हाय. इचारा, आताबी त्येच म्हणंल."

लोक शालूबाईंकडं बघायला लागले. त्या हौदात दुसरी बादली ओतत होत्या. ती पूर्ण ओतली, बादली खाली ठेवली, पदराला हात पुसले.

"बघितला की," त्या म्हणाल्या.

त्यांनी स्वतःच्या पायाकडं बोट दाखवलं.

"माझ्या पायापाशी येऊन थांबला. मी पाय वर घेतला. तेल तापल्यागत आवाज येत हुता त्यातनं, चुरचुर चुरचुर."

हंबीरराव उठून उभे राहिले. "चुरचुर," ते म्हणाले. "व्हय. व्हय की गं. चुरचुर हुती." चौदा पानांत या चुरचुरीबद्दल एक शब्द नव्हता. ते विसरून गेले होते, किंवा एकट्यानं आठवून आठवून त्यांचा स्वतःवरच विश्वास राहिला नव्हता.

"मग तवा का बोलली न्हाईस?" त्यांचा आवाज चढला. "आठ वर्षं! तुझ्या तोंडाला काय कुलूप हुतं?"

"आमची पोरगी, तेजस्वी, तवा लग्नाची हुती," शालूबाई म्हणाल्या. "बाप खुळा म्हणून गाव बोंबलत हुतं. आईबी खुळी निघाली असती तर पोरीला कोण करून नेलं असतं? म्हटलं, तिचं हुंदे, मग सांगतो. तिचं झालं, तवर तुमी ही भगुली मांडून बसलासा. गोळ्याला व्हय म्हटलं तर ह्येलाबी व्हय म्हटल्यागत झालं असतं. ह्ये काय मला पटंना. मग ऱ्हायलंच."

"मी एकटा खुळा ठरलो की गं गावात!"

"एकटं कुठलं?" शालूबाई पहिल्यांदाच चिडल्या. "गोळेवालीण कुणाला म्हणत्यात? मला न्हवं?"

 बाळासो भिंतीपलीकडून म्हणाले, "म्याडम, लाईट लावू का आता?" आणि मी त्यांच्यावर इतक्या जोरात ओरडले की म्हैससुद्धा दचकली.

सोमवारी वायरमन येऊन न्यूट्रल जोडून गेला, असं कळलं. पुढच्या रविवारच्या सदरात मी आकाशाच्या निळेपणाला सुट्टी दिली आणि लिहिलं : 'कोडोलीचे हंबीरराव व त्यांच्या पत्नी शालूबाई यांनी मे १९९७ मध्ये घरात विजेचा गोळा पाहिला. दोघांनी पाहिला, दोघांनी त्याचा आवाज ऐकला. तो कशाचा होता ते मला माहीत नाही. मागे त्यांच्या पत्राला उत्तर देताना मी गोळ्याबद्दल लिहायचं टाळलं, ती माझी चूक.' संपादक म्हणाले, चूक वगैरे कशाला, काढून टाकू. मी म्हटलं, काढलंत तर सदर बंद.

चार दिवसांनी कार्ड आलं. मला वाटलं, आभाराचं असेल.

'म्याडम यांस नमस्कार. छापलेले वाचले. फ्लेक्स उतरवला. म्हस पाणी पिते. एक दुरुस्ती छापावी. शालूबाईचे नाव आधी पाहिजे होते. गोळा तिच्या पायापाशी थांबला होता.'

आता या माणसापुढं हात टेकावेत की काय करावं? पण दुरुस्ती छापली.